सगळंच काढलं तर केमो चुकते?

स्तनाच्या कॅन्सरसाठी दवाखान्याच्या बाकावर तासभर बसलं की हे वाक्य एकदा तरी कानावर पडतंच: "सगळंच काढून टाका म्हणावं, म्हणजे ती केमो तरी चुकेल." कोल्हापुरात राजारामपुरीत ऐकलंय, गडहिंग्लजच्या पाहुण्यांकडून ऐकलंय, घरात थोरल्या जाऊबाईंच्या तोंडून ऐकलंय. जाऊबाईंनी त्याच हिशेबानं स्तन काढून घेतला. टाके निघाले आणि डॉक्टरांनी केमोची तारीख दिली. "मग काढलं कशाला?" असं त्यांनी मला विचारलं. डॉक्टरांना नाही, मला.

गाठ काढणं आणि पूर्ण स्तन काढणं, यातला फरक नावातच आहे. पहिल्यात गाठ आणि भोवतीचा थोडा चांगला भाग जातो, नंतर बहुतेक वेळा रेडिएशन लागतं. आपल्याकडं त्याला शेक म्हणतात, आणि हा शब्द मला अजिबात आवडत नाही. ऐकणाऱ्याला गरम पाण्याची पिशवी आठवते. दुसऱ्यात सगळा स्तन जातो. काखेतल्या गाठी, म्हणजे तिथल्या लसिकाग्रंथी, दोन्हीत तपासतात. झालं.

घोळ होतो तो पुढं. ऑपरेशन आणि रेडिएशन हे जागेवरचे इलाज. केमो आणि हार्मोनला अडवणारी गोळी रक्तातून अंगभर फिरतात. बांधावर गाजर गवत आलंय असं समजा. नुसतं गवत मुळासकट उपटा, नाहीतर जेसीबी लावून अख्खा बांध खणा. बी आधीच वाऱ्यावर पलीकडच्या रानात गेलं असेल, तर बांधावरचा खड्डा केवढा खणला याचं त्या बियाला काय? केमो असते ती त्या उडालेल्या बियासाठी. ते दिसत नाही, म्हणून अंदाज बांधावा लागतो, आणि तो अंदाज ऑपरेशन किती मोठं झालं यावरून बांधत नाहीत.

तो बांधतात गाठीच्या रिपोर्टवरून. गाठ केवढी, ग्रेड काय (म्हणजे पेशी किती बिघडलेल्या दिसतात), काखेतल्या किती गाठींत कॅन्सर पोचलाय, ईआर, पीआर (गाठ हार्मोनवर वाढते का, ते सांगणाऱ्या तपासण्या) आणि हर-टू (गाठ वाढवणारं एक प्रथिन) काय आलंय. लोक "स्टेज कितवी?" एवढंच विचारतात आणि हे पान घडी घालून पिशवीत टाकतात! ईआर, पीआर, हर-टू हे तिन्ही निगेटिव्ह आले, तर लहानशी गाठ काढलेल्या बाईलाही केमो लागू शकते. उलट पूर्ण स्तन काढलेली, हार्मोन पॉझिटिव्ह आणि काख स्वच्छ असलेली एखादी निव्वळ टॅमोक्सिफेन या हार्मोन अडवणाऱ्या गोळीवर पाच वर्षं काढते. कधी केमो ऑपरेशनच्या आधीच देतात, गाठ आक्रसते आणि स्तन वाचतो.

"पण सगळं काढलं तर जास्त जगते ना?" नाही. अमेरिकेत सर्जन बर्नार्ड फिशर यांनी १९७६ मध्ये सुरू केलेल्या अभ्यासात १,८५१ बायकांची २० वर्षं नोंद ठेवली. २००२ साली निकाल आला: स्तन काढलेल्या आणि गाठच काढलेल्या बायकांच्या आयुष्यात फरक नाही. फरक पडला तो रेडिएशननं. नुसती गाठ काढली तर त्याच स्तनात कॅन्सर परतण्याचं प्रमाण ३९ टक्के, रेडिएशन दिलं तर १४. म्हणून गाठ काढून रेडिएशन टाळणारीवर माझा जास्त राग आहे.

पूर्ण काढावं लागण्याची कारणं वेगळी असतात: एकाच स्तनात लांब-लांब गाठी, छातीला पूर्वी रेडिएशन झालेलं, स्तनाच्या मानानं गाठ फार मोठी. आणि एक कारण असं, ज्याला मी नावं ठेवणार नाही. रेडिएशन आठवड्यातले पाच दिवस, बहुतेक वेळा तीन आठवडे किंवा जास्त चालतं. चंदगडहून रोज एसटीनं कोल्हापूर कसं जमायचं? या हिशेबानं कुणी पूर्ण काढून घेतलं तर तिचं बरोबर आहे. फक्त काखेतल्या बऱ्याच गाठींत कॅन्सर निघाला, तर स्तन काढूनही रेडिएशन लागतं. ते ऑपरेशनच्या आधी विचारून घ्यावं, टाके निघाल्यावर नाही.