शेवटच्या रांगेत बसून निवडा प्रोजेक्टर

नाशिकमधल्या एका मित्राने शहराबाहेरचा एक जुना हॉल चित्रपटगृहासाठी घेतला आहे. परवा त्याने माझ्यापुढे प्रोजेक्टर आणि साउंडचं कोटेशन ठेवलं. "४केच घेऊ ना? सगळे तेच सांगतायत." मी म्हटलं, आधी टेप आण. मोजलं, तर चित्र १२ मीटर रुंद बसेल आणि शेवटची रांग पडद्यापासून २४ मीटरवर येईल.

४केचं उत्तर या दोन आकड्यांतच आहे. डिजिटल सिनेमात २के म्हणजे एका आडव्या ओळीत २०४८ ठिपके, ४के म्हणजे ४०९६. बारा मीटरच्या पडद्यावर २केचा ठिपका जेमतेम ६ मिलिमीटरचा होतो, ४केचा त्याच्या निम्मा. निरोगी डोळ्याला कोनाच्या एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा बारकावा ओळखता येतो. त्या हिशोबाने ६ मिलिमीटरचे ठिपके २० मीटरपलीकडून सुटे दिसतच नाहीत. पुढच्या रांगांना फरक कळेल, शेवटच्यांना नाही. ४के चांगलंच आहे, पण पैसे मोजके असतील तर ते आधी प्रकाशात घालावेत. चित्र अंधूक पडलं तर ते सगळ्या रांगांना अंधूक दिसतं.

किती प्रकाश? डिजिटल सिनेमाच्या मानकात पांढऱ्या पडद्याची उजळी चौरस मीटरला ४८ कँडेला (उजळीचं एकक) ठरलेली आहे. साध्या मॅट, म्हणजे चकाकी नसलेल्या, पडद्यासाठी ४८ ला पायने (३.१४) गुणायचं, म्हणजे चौरस मीटरला सुमारे १५० ल्युमेन; प्रोजेक्टरचा प्रकाश याच एककात मोजतात. स्कोप, म्हणजे जास्त रुंद पट्टीसारखं चित्र, १२ बाय ५, म्हणजे ६० चौरस मीटर. झाले ९००० ल्युमेन. पण प्रोजेक्टरमध्ये चित्र घडवणाऱ्या २के चिपवर बारीक आरशांच्या १०८० ओळी असतात आणि स्कोप चित्र त्यातल्या ८५८ च वापरतं. उरलेल्या ओळींवर पडणारा प्रकाश वाया जातो, म्हणून गरज जवळजवळ साडेअकरा हजारांवर जाते. शिवाय केबिनची काच थोडा प्रकाश खाते आणि प्रोजेक्टरचा झेनॉन लॅम्प जुना होत जातो तसा मंदावतो. मी तरी हिशोबाच्या दीडपट क्षमतेचा प्रोजेक्टर घेईन. आणि लिंबू-मिरची टांगून लॅम्पचं आयुष्य वाढत नाही. हवेचे फिल्टर वेळच्या वेळी साफ केले तर वाढतं.

आता आवाज. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली मूकपट पडद्यावर आणला, तेव्हा हा प्रश्नच नव्हता. आज कोटेशनमध्ये 'इतके हजार वॅट' मोठ्या अक्षरांत असतं. माझ्या मते वॅटपेक्षा मिलिसेकंद महत्त्वाचे.

मिरवणुकीत नाशिक ढोल लांबून पाहा. टिपरू पडलेलं आधी दिसतं, दणका मागून येतो. आवाज सेकंदाला साधारण ३४५ मीटर जातो. पडद्यामागच्या स्पीकरचा आवाज पडद्याच्या बारीक छिद्रांतून निघून शेवटच्या रांगेत पोचायला ७० मिलिसेकंद घेतो. तेवढ्यात पडद्यावरून दीडेक फ्रेम सरकलेली असते. मेंदू हे चालवून घेतो, कारण निसर्गातही आवाज उशिराच येतो.

खरी गंमत सराउंडची, म्हणजे बाजूच्या आणि मागच्या भिंतींवरच्या स्पीकरची आहे. पडद्यावर काच फुटते. मुख्य आवाज पडद्यामागून येतो, थोडा खळखळाट भिंतीवरच्या स्पीकरमधूनही. शेवटच्या रांगेतल्या माणसाजवळचा सराउंड स्पीकर चारच मीटरवर असतो, त्याचा आवाज १२ मिलिसेकंदांत कानात शिरतो. काच समोर फुटली आणि मान वळली बाजूला! जर्मन संशोधक हेल्मुट हास यांनी १९४९ साली दाखवलं, की तोच आवाज दोन ठिकाणांहून थोड्या अंतराने आला तर कान दिशा ठरवतो ती आधी पोचलेल्या आवाजावरून. त्यानंतर साधारण ३० मिलिसेकंदांच्या आत आलेला आवाज त्याच्यातच मिसळून जातो. तो काहीसा मोठा असला तरीही. म्हणून सराउंडला मुद्दाम डिले द्यायचा, म्हणजे त्याचा आवाज थोडा उशिरा सोडायचा. इथल्या मागच्या स्पीकरना ७५ मिलिसेकंद दिले, की त्यांचा आवाज ८७ व्या मिलिसेकंदाला पोचेल, पडद्याकडच्या आवाजानंतर १७ मिलिसेकंदांनी. काच पुन्हा पडद्यावर फुटेल. पण हाच डिले पुढच्या रांगांजवळच्या स्पीकरना दिला, तर तिथे आवाज दोनदा ऐकू येईल. म्हणून पुढच्या आणि मागच्या सराउंडला वेगळा डिले देता येणारा साउंड प्रोसेसर घ्यावा.

निघताना आम्ही पहिली रांग येणार तिथे उभे राहिलो, पडद्यापासून सहा मीटरवर. मित्राने पडद्याच्या भिंतीजवळ जाऊन टाळी वाजवली. ती मला दोनदा ऐकू आली. आवाज माझ्यापासून मागच्या सिमेंटच्या भिंतीपर्यंत १९ मीटर जाऊन तेवढाच परत आला होता : ३८ मीटर, ११० मिलिसेकंद. इतक्या उशिराचा आवाज मिसळत नाही, तो पुढच्या शब्दावर पडतो आणि संवाद कळेनासा होतो. तो भिंतीवरून येतो, त्यामुळे प्रोसेसरच्या कुठल्याही डिलेने जात नाही. मित्राने पेन काढलं आणि कोटेशनच्या वर, प्रोजेक्टरच्याही आधी लिहिलं : मागच्या भिंतीला ध्वनिशोषक पॅनेल.