छाटणी की तोड? शेजारची फांदी अंगणात आली तर

नाशिककराला छाटणी शिकवायची गरज नाही. द्राक्षाची एप्रिलमधली खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी इथे गावोगाव तोंडपाठ असते. पण गंगापूर रोडवर शेजाऱ्याच्या आंब्याची फांदी गच्चीला टेकली, पन्हळीत पालापाचोळा तुंबला, की तीच माणसं अर्धं झाड उतरवून मोकळी होतात आणि वर म्हणतात, "फक्त छाटलं हो!"

कायदा या 'फक्त'ला भुलत नाही. 1975 च्या महाराष्ट्रातल्या नागरी क्षेत्रांसाठीच्या वृक्षसंरक्षण कायद्यात झाड 'तोडणं' म्हणजे निव्वळ बुंध्यावर करवत चालवणं नव्हे. जाळणं, कापणं, कोणत्याही प्रकारे इजा करणं हे सगळं त्यात मोडतं. बुंध्याची साल गोल सोलणं किंवा मुळाशी ॲसिड ओतणं (हे करणारे महाभाग असतात) म्हणजेही तोडच. म्हणून छाटणी असली तरी आधी महापालिकेच्या उद्यान विभागात अर्ज द्यावा.

हद्द ओलांडून आलेल्या फांदीचा त्रास दूर करण्याचा हक्क आपल्याला आहे, पण तो कुंपणाच्या रेषेपर्यंत. पलीकडे पाऊल टाकायचं नाही. गोची इथेच होते. झाडाला आपली हद्द कळत नाही. फांदी जिथे खोडातून निघते तिथे सुजल्यासारखं कडं असतं. त्या कड्याला धक्का न लावता लगत काप घेतला की जखम भरून येते. कुंपणावरच कापली तर हातभर खुंट उरतो, तो कुजतो, कीड आत शिरते. आणि ते कडं बहुतेक वेळा शेजाऱ्याच्या आवारात!

आमच्याकडे म्हणूनच शेजारच्या काकांशी बोलावं लागलं. बुंधा त्यांचा, म्हणून अर्ज त्यांनीच केला. आंबे उतरल्यावर माळी आला. त्याने कड्यापासून वीतभर पुढे आधी खालून खाच पाडली, मग थोडं पुढे वरून कापलं. खालची खाच नसती तर फांदी पडताना खोडाची साल सोलत गेली असती. उरलेला खुंट शेवटी कड्यालगत काढला. कापावर बोर्डो पेस्ट हा बुरशीनाशक लेप लावला: 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 10 लिटर पाणी. आम्हाला पेस्ट वाटीभरच लागली. ती काकांच्या द्राक्षवाल्या मेहुण्याने डब्यातून पाठवली.