'फ्री' कमी दिसली म्हणजे मेमरी संपली?

कोल्हापुरात उद्यमनगरातल्या कारखान्यापासून शाहूपुरीतल्या दुकानापर्यंत, जिथे लिनक्स सर्व्हर आहे तिथे हा सल्ला फिरत फिरत पोचतोच: "'फ्री' रकान्यात मेमरी कमी दिसली की रॅम भरली; रोज रात्री कॅशे रिकामी करा."

गैरसमज साहजिक आहे, मेमरी दाखवणाऱ्या 'फ्री' (free) कमांडमधल्या या रकान्याचं नावच फसवं. लिनक्स मोकळी रॅम वाचलेल्या फाइलींच्या प्रती ठेवायला वापरतं; हीच कॅशे. रॅम रिकामी ठेवणं म्हणजे लेथ बंद ठेवणं; त्यातून काय मिळणार? प्रोग्रामला जागा लागली की कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, यातली बहुतेक कॅशे सोडून देतं. बळेच रिकामी केली तर त्याच फाइली पुन्हा डिस्कवरून वाचाव्या लागतात आणि सकाळचं पहिलं बिल रेंगाळतं.

'फ्री -एम' (free -m) चालवून 'अव्हेलेबल' (available) रकाना पाहा. 8 जीबीच्या मशीनवर 'फ्री' 200 एमबी, पण 'अव्हेलेबल' 5000 असेल तर निवांत राहा. तोही आटला असेल तर चालू प्रोग्रामची यादी दाखवणारं 'टॉप' (top) उघडून शिफ्ट धरून एम दाबा. जास्त मेमरी खाणारी प्रोसेस, म्हणजे चालू प्रोग्राम, वर येते. 'व्हर्ट' (VIRT) नव्हे, 'रेस' (RES), म्हणजे प्रत्यक्ष रॅममध्ये असलेली मेमरी, बघा. 'व्हर्ट'मध्ये मागून ठेवलेली, पण न वापरलेली जागाही धरलेली असते.

मात्र सगळ्यांच्या 'रेस'ची बेरीज करू नका. पोस्टग्रेस या डेटाबेसच्या दहा प्रोसेस एकच सामायिक मेमरी वापरत असल्या, तर ती दहादा मोजली जाते. खरा वाटा हवा असेल तर प्रॉक (/proc) फोल्डरमध्ये त्या प्रोसेसच्या क्रमांकाखालच्या 'स्मॅप्स_रोलअप' (smaps_rollup) फाइलीतली 'पीएसएस' (Pss) ओळ वाचा; त्यात सामायिक मेमरी वाटून मोजलेली असते.

खरी टंचाई दर सेकंदाला नवी ओळ देणारी 'व्हीएमस्टॅट 1' (vmstat 1) कमांड दाखवते. पहिली ओळ सोडा, ती मशीन सुरू झाल्यापासूनची सरासरी असते. पुढे 'एसआय' (si) आणि 'एसओ' (so) हे रकाने सतत मोठे दिसले, तर स्वॅपची, म्हणजे रॅम अपुरी पडल्यावर वापरलेल्या डिस्कवरच्या जागेची, ये-जा चालू आहे.