कांद्याच्या दोन बातम्या: लासलगाव, ढाका आणि मनिला

नाशिक जिल्ह्यातील कोणतेही दैनिक उघडले, तर आतल्या पानावर बाजारभावांची एक चौकट सापडते. लासलगाव, विंचूर, पिंपळगाव बसवंत, चांदवड, येवला, मनमाड अशी बाजार समित्यांची नावे आणि प्रत्येक नावापुढे तीन आकडे: किमान, कमाल आणि सर्वसाधारण. निफाड, चांदवड, कळवण किंवा सटाण्याकडच्या घरांत ही चौकट आधी वाचली जाते आणि पहिले पान त्यानंतर. याच चौकटीतला आकडा वर गेला, की तो दिल्ली-मुंबईच्या वृत्तवाहिन्यांवर देशाची बातमी होतो. खाली आला, की जिल्ह्याच्या पानावरच राहतो. कांद्याच्या या दोन बातम्या एकमेकींपासून कशा वेगळ्या झाल्या, याला चार-पाच दशकांचा इतिहास आहे. तो केवळ भारताचा नाही, कारण लासलगावच्या लिलावाशी ढाक्याचे आणि कोलंबोचे स्वयंपाकघर जोडलेले आहे.

लासलगावची बाजार समिती १९४७ साली स्थापन झाली आणि आशियातील सर्वांत मोठी कांदा बाजारपेठ अशी तिची ओळख पुढे रूढ झाली. या बाजाराचे वर्ष समजून घेतल्याशिवाय कांद्याची कोणतीही बातमी नीट कळत नाही. खरिपाचा लाल कांदा पावसाळ्याच्या शेवटी निघू लागतो, त्यामागून लेट खरिपाचा रांगडा येतो. हे दोन्ही कांदे टिकत नाहीत, म्हणून मिळेल त्या भावाला विकावे लागतात. मार्च ते मे या काळात निघणारा उन्हाळ कांदा मात्र टिकाऊ असतो आणि तो चाळीत, म्हणजे शेतावरच्या हवेशीर साठवणघरात, ठेवून दिवाळीपर्यंत देशाला पुरवावा लागतो. चाळीतल्या त्या महिन्यांत कांद्याचे वजन घटते, काही सडतो, काहीला काजळी धरते, काहीला कोंब फुटतात. ज्याच्याकडे चाळ नाही किंवा सोसायटीचे कर्ज फेडायचे आहे, त्याने आपला माल मे-जूनमध्येच विकलेला असतो. ऑगस्टनंतर उन्हाळ कांदा संपत येतो, पावसाने लाल कांद्याचे नुकसान केलेले असते आणि भाव चढतात. म्हणजे भाव चढल्याची बातमी येते, तेव्हा बहुतेक लहान शेतकऱ्यांच्या चाळी रिकाम्या झालेल्या असतात. हे वेळापत्रक दरवर्षी तेच असूनही शहरी बातमीत ते क्वचितच सांगितले जाते, आणि माझ्या मते इथूनच गैरसमजाला सुरुवात होते.

दोन बातम्यांची फारकत सर्वांत स्पष्ट दिसते ती १९८० या एकाच वर्षात. जानेवारीत लोकसभेची निवडणूक झाली. इंदिरा गांधींनी प्रचारात कांद्याच्या महागाईचा मुद्दा घेतला, जनता पक्षाचा पराभव झाला आणि कांद्याने सरकार पाडले हे वाक्य राजकीय वार्ताहरांच्या भाषेत कायमचे बसले. त्याच वर्षी पुणे जिल्ह्यातील चाकण येथे शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर उतरले ते कांद्याला भाव मिळत नाही म्हणून. स्वित्झर्लंडमधील आंतरराष्ट्रीय टपाल संघटनेतली नोकरी सोडून परतलेले जोशी चाकणजवळ शेती करत होते आणि त्यांनी १९७९ साली शेतकरी संघटना उभी केली होती. नोव्हेंबरमध्ये आंदोलन नाशिक जिल्ह्यात आले. माधवराव खंडेराव मोरे यांच्यासारखे पिंपळगाव परिसरातील नेते पुढे होते, मागणी ऊस आणि कांदा या दोन्ही पिकांच्या भावाची होती, आणि १० नोव्हेंबर १९८० रोजी खेरवाडी येथे रेल्वे अडवून बसलेल्या शेतकऱ्यांवर पोलिसांनी केलेल्या गोळीबारात दोन शेतकरी मृत्युमुखी पडले. कांदा महाग झाल्याने झालेला सत्ताबदल आजही देशभर सांगितला जातो. स्वस्त कांद्यापायी त्याच वर्षी गेलेले दोन जीव निफाड तालुक्याबाहेर फारसे कुणाला आठवत नाहीत.

आपली बाजू शहरी वृत्तपत्रांत येणार नाही, हे जोशींनी सुरुवातीलाच ओळखले होते. म्हणूनच संघटनेने चाकणहून ‘वारकरी’ हे साप्ताहिक काढले. मराठीत या वाटेला जुना वारसा आहे. कृष्णराव भालेकरांनी १८७७ साली पुण्यात ‘दीनबंधू’ सुरू केले ते शेतकऱ्यांचे आणि कष्टकऱ्यांचे म्हणणे छापण्यासाठी. पुढे नारायण मेघाजी लोखंडे यांनी ते मुंबईहून चालवले. जोतीराव फुले यांनी १८८३ साली शेतकऱ्यांच्या दैन्यावर लिहिलेल्या ग्रंथाचे पहिले दोन भाग ‘दीनबंधू’ने छापले, उरलेले छापले नाहीत आणि याची नाराजी फुल्यांनी लिहून ठेवली. शेतकऱ्यासाठी निघालेल्या पत्रालाही शेतकऱ्याचे सगळे म्हणणे छापणे कठीण गेले, ही नोंद पत्रकारितेच्या इतिहासात महत्त्वाची आहे.

हा प्रश्न आशियाभर ओळखला गेला तो १९६० च्या दशकात. स्वतंत्र झालेल्या देशांतील वृत्तपत्रे राजधानीतील भाषणे आणि समारंभ छापत होती आणि तांदळाचे उत्पन्न, पाणीपुरवठा, कर्ज हे विषय वाऱ्यावर होते. १९६७ साली मनिला येथे प्रेस फाउंडेशन ऑफ एशिया ही संस्था उभी राहिली आणि तिच्या १९६८ च्या अभ्यासवर्गात अॅलन चॉकली यांनी विकास पत्रकारितेची कल्पना मांडली. सामान्य वाचकाला आर्थिक घडामोडी समजावून सांगणे आणि त्या त्याच्या जगण्याशी जोडून दाखवणे, हे वार्ताहराचे काम आहे, असा तिचा आशय होता. पुढच्याच वर्षी ‘हिंदुस्तान टाइम्स’चे संपादक बी. जी. वर्गीस यांनी दिल्लीजवळच्या छातेरा या गावावर नियमित सदर सुरू केले. एका राष्ट्रीय इंग्रजी दैनिकाने एकाच खेड्याकडे वर्षानुवर्षे परत परत जावे, हे तेव्हा नवे होते. बांगलादेशात शाईख सिराज यांनी सरकारी दूरचित्रवाणीवर ‘माटी ओ मानुष’ हा शेतीविषयक कार्यक्रम घराघरांत नेला. मुंबई दूरदर्शनवर ‘आमची माती आमची माणसं’ पाहत मोठ्या झालेल्या मराठी पिढीला त्या बंगाली नावाचा अर्थ सांगावा लागणार नाही. मात्र अनेक देशांतील सरकारांनी याच कल्पनेचा आधार घेऊन वृत्तपत्रांनी सरकारी योजनांचे गुणगान करावे असा आग्रह धरला, आणि नव्वदच्या दशकात जाहिरातींचे गणित बदलल्यावर खेड्याकडे वार्ताहर पाठवणे मोठ्या दैनिकांना परवडेनासे झाले. शेतीचे पान आक्रसत गेले आणि ग्राहकाचे पान वाढत गेले.

नेमक्या याच काळात, १९९८ च्या दिवाळीच्या सुमारास, दिल्लीत कांदा किलोला ५० रुपयांच्या पुढे गेला. नोव्हेंबरमधील विधानसभा निवडणुकीत सुषमा स्वराज मुख्यमंत्री असलेले दिल्लीतील भाजप सरकार गेले. पराभवाची इतरही कारणे होती, पण सर्व पक्षांनी घेतलेला धडा एकच होता: सप्टेंबर ते डिसेंबर या काळात शहरात कांदा महागू द्यायचा नाही. २०१२ हे आधारवर्ष असलेल्या ग्राहक किंमत निर्देशांकात कांद्याचा भार फक्त ०.६४ टक्के होता. बातमीतला त्याचा भार त्याच्या कितीतरी पट होता, आणि धोरण निर्देशांकापेक्षा बातमीकडे पाहून ठरू लागले. डिसेंबर २०१० मध्ये काँग्रेसप्रणीत सरकारने निर्यात थांबवली. भाजपप्रणीत सरकारने २९ सप्टेंबर २०१९ रोजी बंदी घातली, ती मार्च २०२० मध्ये उठली आणि १४ सप्टेंबर २०२० रोजी पुन्हा लागली. त्याच वर्षी जूनमध्ये अध्यादेश काढून कांदा जीवनावश्यक वस्तूंच्या नेहमीच्या नियंत्रणातून वगळला होता, शेतकऱ्याला बाजार मोकळा केल्याचे सांगितले होते. तीन महिन्यांत निर्यात बंद झाली आणि ऑक्टोबरमध्ये घाऊक व्यापाऱ्यांना २५ टनांची साठामर्यादा लागू झाली.

या बंद्यांचा दुसरा अर्धा भाग सीमेपलीकडे घडत होता. २०१९ च्या बंदीनंतर काही दिवसांतच बांगलादेशच्या तत्कालीन पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत आल्या आणि आधी कळवले असते तर बरे झाले असते, आपण स्वयंपाक्याला जेवणात कांदा घालू नको असे सांगितले आहे, असे त्या बोलल्या. भारतीय वाहिन्यांनी ते वाक्य गमतीचे म्हणून दाखवले. ढाक्यात नोव्हेंबरपर्यंत कांदा किलोला सुमारे २५० टका (बांगलादेशी चलन) इतका महाग झाला आणि तिथल्या सरकारला तो विमानाने मागवावा लागला. तिथल्या पत्रकारितेतही अगदी आपल्यासारखीच दरी आहे. पाबना, फरीदपूर, राजबाडी या जिल्ह्यांत कांदा पिकतो. तो शेतातून निघण्याच्या वेळी भारताचा कांदा आला, की त्या शेतकऱ्याचा भाव पडतो. म्हणून बांगलादेशने मार्च २०२३ मध्ये आयातीचे परवाने थांबवले आणि ढाक्यात भाव वाढताच ५ जूनला आयात पुन्हा सुरू केली. पाबन्याच्या शेतकऱ्याला दिलासा देणारा निर्णय निफाडच्या शेतकऱ्याचे गिऱ्हाईक कमी करतो आणि निफाडच्या शेतकऱ्याला हवी असलेली निर्यात पाबन्यात नकोशी असते. या दोघांना समोरासमोर ठेवून लिहिलेला मजकूर मला मराठीत जवळपास वाचायला मिळालेला नाही. खरे तर ही आशियातील अत्यंत महत्त्वाची शेतीविषयक बातमी आहे.

फिलिपीन्समध्ये तर जगभराच्या माध्यमांनी कांद्याला कुतूहलाचा विषय केले. डिसेंबर २०२२ मध्ये तिथे कांदा किलोला ७०० पेसोपर्यंत गेला. फुलांऐवजी कांद्यांचा गुच्छ हातात घेतलेली नवरी आणि परदेशातून कांदे आणताना पकडलेले विमान कर्मचारी, ही दोन दृश्ये सर्वत्र फिरली. राष्ट्राध्यक्ष फर्डिनांड मार्कोस धाकटे यांच्याकडेच तेव्हा शेती खाते होते. सरकारने जानेवारीत सुमारे २१ हजार टन आयातीला परवानगी दिली, ती तिथल्या शेतकऱ्यांचा कांदा निघण्याच्या तोंडावर. स्थानिक पत्रकारांनी आणि सिनेटच्या सुनावण्यांनी साठेबाजी, शीतगृहे आणि शेतकऱ्याच्या हाती आलेले पैसे यांचा माग काढला. जगापुढे मात्र नवरीचा गुच्छच आला.

त्याच महिन्यांत आपल्याकडे उलटे चित्र होते. फेब्रुवारी २०२३ मध्ये लाल कांद्याचा भाव इतका पडला, की सोलापूरच्या बाजारात ५१२ किलो कांदा विकणाऱ्या शेतकऱ्याच्या हातात खर्च वजा जाता दोन रुपयांचा धनादेश पडला, लासलगावला लिलाव बंद पाडले गेले आणि येवला तालुक्यात एका शेतकऱ्याने होळीच्या दिवशी उभा कांदा पेटवला. मार्चमध्ये दिंडोरीहून निघालेल्या मोर्चाने कसारा घाट उतरल्यानंतर राज्य सरकारने क्विंटलमागे ३५० रुपयांचे अनुदान मान्य केले. २०१८ च्या नोव्हेंबरात निफाड तालुक्यातील एका शेतकऱ्याने ७५० किलो कांद्याचे मिळालेले १,०६४ रुपये पंतप्रधानांना मनीऑर्डरने पाठवले होते, ती बातमीही देशभर गेली होती. पडलेला भाव देशाच्या पानावर येण्यासाठी काय घडावे लागते, हे या उदाहरणांतून दिसते: दोन रुपयांचा धनादेश, मनीऑर्डर, आग किंवा पायाला फोड आलेले हजारो लोक. चढलेल्या भावाला असे काही करावे लागत नाही. भाजीवाल्यापुढे एक ध्वनिवर्धक धरला की पुरते.

अनुदान जाहीर झाले त्या मार्चपासून ऑगस्ट फक्त पाच महिने दूर होता. १९ ऑगस्ट २०२३ रोजी ४० टक्के निर्यातशुल्क लागले, ऑक्टोबरच्या शेवटी टनाला ८०० डॉलर किमान निर्यातमूल्य (ज्याहून कमी दराने निर्यात करता येत नाही) ठरले आणि ८ डिसेंबरपासून निर्यातच बंद झाली. निवडणुकीच्या काळात, ४ मे २०२४ रोजी, बंदी उठली ती ५५० डॉलर किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्काच्या अटींसह. दिंडोरी मतदारसंघात केंद्रीय राज्यमंत्री भारती पवार पराभूत झाल्या आणि भास्कर भगरे निवडून आले. १९८० आणि १९९८ मध्ये महाग कांदा मतपेटीत उतरला होता. या वेळी तिथे उत्पादकाचा राग उतरला. निकालानंतरचे काही आठवडे दिल्लीचे वार्ताहर लासलगावात, विंचूरमध्ये, पिंपळगावात दिसले. सप्टेंबरमध्ये शुल्क २० टक्क्यांवर आले, ऑक्टोबरात निफाडकडून १,६०० टन सरकारी कांदा घेऊन रेल्वे दिल्लीला गेली आणि १ एप्रिल २०२५ पासून शुल्क पूर्ण हटले. तेव्हा नवा उन्हाळ कांदा खळ्यांवर यायला सुरुवात झाली होती.

रिझर्व्ह बँकेच्या अभ्यासकांनी २०२४ मध्ये हिशेब मांडला, की ग्राहक कांद्यासाठी जो रुपया मोजतो त्यातले सुमारे ३६ पैसे शेतकऱ्याला मिळतात. उरलेल्या ६४ पैशांत हमाली, तोलाई, वाहतूक, गोणी, घट, आडत आणि दुकानदाराचा नफा येतो, आणि त्यातला प्रत्येक भाग हा स्वतंत्र बातमीचा विषय आहे. लासलगावच्या चौकटीत आजही तीनच आकडे छापले जातात, किमान, कमाल आणि सर्वसाधारण. त्या दिवशी ट्रॅक्टरमध्ये आलेला कांदा पिकवायला क्विंटलमागे किती खर्च आला, यासाठी चौथा रकाना तिथे कधीच नव्हता.