चांद्रमोहिमांचे इमर्सिव्ह माहितीपट

चंद्राच्या समन्वेषणाचे प्रत्यक्ष चित्रण, किंवा त्यावरून घडवलेली दृश्ये, प्रेक्षकाच्या दृष्टिक्षेत्राचा बहुतेक भाग व्यापतील अशा रीतीने दाखवणारा माहितीपटाचा प्रकार. आयमॅक्सचा विशाल पडदा, तारांगणाच्या घुमटावरील डिजिटल चित्रपट, दालनाच्या भिंती व जमीन व्यापणारे प्रक्षेपण आणि डोक्यावर चढवायच्या आभासी वास्तवाच्या उपकरणासाठी केलेले ३६० अंशी चित्रपट ही त्याची रूढ माध्यमे होत. निखळ काल्पनिक चंद्रपट यात मोडत नाहीत. मात्र नोंदलेले आणि रचलेले यांतली सीमा या प्रकारात वारंवार ओलांडली जाते.

उगमाचा प्रश्न : प्रेक्षकाला जागेवरून न हलवता चंद्रावर नेण्याचा खटाटोप चलच्चित्रापेक्षा जुना आहे. जेम्स नॅस्मिथ व जेम्स कार्पेंटर यांच्या १८७४ मधील चंद्रविषयक ग्रंथात चांद्रपृष्ठाच्या प्लास्टरच्या प्रतिकृतींवर तिरपा प्रकाश टाकून घेतलेली छायाचित्रे होती. त्या काळी दुर्बिणीतून घेतलेल्या कोणत्याही छायाचित्रापेक्षा ती अधिक खरी वाटत. त्यांतले टोकदार सुळके मात्र चंद्रावर नाहीत. तिथले डोंगर गोलसर आहेत, हे पुढे मोहिमांनी दाखवले. १८९२ मध्ये न्यूयॉर्कच्या कार्नेगी सभागृहात, बर्लिनच्या युरेनिया संस्थेतील प्रयोगांच्या धर्तीवर, रंगवलेले देखावे आणि प्रकाशयोजना यांच्या साह्याने चंद्रप्रवासाचे शास्त्रीय व्याख्यान सादर झाले. १९०१ मध्ये बफलो येथील पॅन-अमेरिकन प्रदर्शनात फ्रेडरिक टॉम्पसन यांनी प्रेक्षकांना पंख असलेल्या डुलत्या जहाजात बसवून ‘चंद्रावर’ उतरवले. काही लेखक या प्रकाराची वंशावळ इथूनच धरतात. भोवतालाने वेढले जाण्याचा अनुभव हाच निकष मानला तर ते चूक नाही. पण यांत चंद्राची नोंद अशी काहीच नव्हती, आणि माहितीपटाला ती लागते.

दुसरे मत आयमॅक्सपासून सुरुवात करते. या तंत्राचा पहिला चित्रपट १९७० च्या ओसाका येथील जागतिक प्रदर्शनात झळकला, १९७१ मध्ये टोराँटोत त्याचे पहिले कायमस्वरूपी चित्रपटगृह उभे राहिले आणि १९७३ मध्ये सॅन डिएगो येथे त्याचे घुमटरूप आले. तारखा सोयीच्या आहेत, कारण अपोलो मोहिमा याच सुमारास चालू होत्या. परंतु आयमॅक्सचा कॅमेरा चंद्रावर कधीच गेला नाही, आणि त्या पडद्यावर चांद्रमोहिमांना वाहिलेला ठळक चित्रपट यायला २००५ साल उजाडावे लागले.

तिसरी मांडणी प्रदर्शनांतल्या बहुपडदा चित्रपटांना मूळ मानते आणि उपलब्ध पुराव्याशी ती अधिक जुळते. फ्रान्सिस टॉम्पसन व अलेक्झांडर हॅमिड यांनी १९६४ च्या न्यूयॉर्क जागतिक मेळ्यासाठी तीन पडद्यांचा आणि माँट्रियलच्या एक्स्पो ६७ साठी सहा पडद्यांचा चित्रपट केला होता. एक्स्पो ६७ मधल्या दुसऱ्या एका बहुपडदा प्रयोगातून रोमन क्रॉइटर व त्यांचे सहकारी आयमॅक्सकडे वळले. नासासाठी अपोलो ११ वरचा ‘मूनवॉक वन’ हा माहितीपट टॉम्पसन यांच्याच संस्थेने केला; दिग्दर्शन थिओ कामेके यांचे होते. त्याचे साल संदर्भग्रंथांत १९७० ते १९७२ असे वेगवेगळे दिलेले आढळते. पूर्ण होणे आणि प्रदर्शित होणे यांतले अंतर हे त्याचे कारण असावे. या चित्रपटाच्या निमित्ताने ६५ मिमी फितीवर पुष्कळ चित्रण झाले, त्यातले बरेचसे वापरले गेले नाही, आणि जवळपास अर्धशतक ते अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात पडून राहिले. टॉम्पसन यांच्या संस्थेने १९७६ मध्ये वॉशिंग्टनच्या हवाई व अंतराळ संग्रहालयासाठी आयमॅक्स चित्रपटाचीही निर्मिती केली. म्हणजे प्रदर्शनातले पडदे, अपोलोचे चित्रण आणि विशालपट हे तिन्ही धागे एका संस्थेत गुंफलेले दिसतात.

मूळ सामग्री आणि चौकटीचा आकार : या प्रकाराची मुख्य अडचण सरळ आहे. जिथे भव्यता हवी, तिथली फितीवरची मूळ चौकट (फ्रेम) सर्वांत लहान आहे.

आयमॅक्सची ७० मिमी फीत आडवी धावते. प्रत्येक चौकटीला १५ छिद्रे लागतात आणि चौकट सुमारे ७० × ४८.५ मिमी भरते. चंद्रावर नेलेला चलच्चित्र कॅमेरा १६ मिमी फितीचा होता. त्याची चौकट सुमारे १० × ७.५ मिमी, म्हणजे क्षेत्रफळात चाळीसपटींहून लहान. शिवाय फीत वाचवण्यासाठी तो सेकंदाला १, ६, १२ किंवा २४ चौकटी अशा वेगांवर चालवता येई. अपोलो ११ चे अवतरण ६ चौकटींच्या वेगाने टिपले आहे. ते २४ चौकटींच्या पडद्यावर आणायचे तर प्रत्येक चौकट चार वेळा दाखवावी लागते व हालचाल धक्के खाते. नाही तर मधल्या चौकटी संगणकाने भराव्या लागतात व त्या कोणत्याही कॅमेऱ्याने पाहिलेल्या नसतात. तिसरा मार्ग म्हणजे फीत सरळ २४ चौकटींच्या वेगाने चालवणे. मग अंतराळवीर लगबगीने उड्या मारताना दिसतात आणि चंद्रावरील संथ गुरुत्वाचा जो परिणाम दाखवायचा, तोच हरवतो. हा दोष आजही अनेक चित्रपटांत आढळतो.

थेट दूरचित्रवाणीचे चित्र आणखी दुबळे होते. अपोलो ११ चा कॅमेरा ३२० रेषांचे चित्र सेकंदाला १० वेळा पाठवी. पृथ्वीवरच्या केंद्रांत ते प्रक्षेपणयोग्य ५२५ रेषांत बदलताना त्याची प्रत आणखी घसरली. मूळ संदेशाच्या चुंबकीय फिती पुसून पुन्हा वापरल्या गेल्या असाव्यात, असा नासाच्या शोधमोहिमेचा निष्कर्ष निघाला व २००९ मध्ये प्रक्षेपित प्रतींवरून चित्र सुधारण्यात आले. अपोलो १२ मध्ये रंगीत कॅमेऱ्याचे तोंड सूर्याकडे वळले आणि तो निकामी झाला. त्या मोहिमेतल्या चांद्रपदयात्रा माहितीपटांत जवळजवळ दिसतच नाहीत, याचे कारण एवढेच.

चंद्रावरून आलेली मोठी चौकट म्हणजे हॅसलब्लॅड कॅमेऱ्याची स्थिरचित्रे : ७० मिमी फीत, सुमारे ५५ मिमी बाजूचा चौरस आणि मोजमापासाठी काचेवर कोरलेल्या फुल्या. अंतराळवीर जागच्या जागी वळत पूर्ण वर्तुळाची छायाचित्रे घेत. कधी एक पाऊल बाजूला सरकून तेच दृश्य पुन्हा टिपत, म्हणजे त्रिमित जोडी तयार होई. अपोलो ११ मध्ये हा कॅमेरा बहुतांश आर्मस्ट्राँग यांच्याकडे असल्याने चंद्रावरच्या पहिल्या माणसाची चांगली छायाचित्रे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत. अँडी साँडर्स यांनी या फितींच्या नव्या क्रमवीक्षणांवर (स्कॅन) संस्करण केल्यावर त्यांतला तपशील उजळला. डिसेंबर २०२३ मध्ये लंडनच्या लाइटरूम येथे सुरू झालेले, टॉम हँक्स यांच्या निवेदनाचे भिंतभर प्रक्षेपण मुख्यतः याच स्थिरचित्रांवर उभे आहे.

रोव्हरवरील, म्हणजे चंद्रावर चालवायच्या गाडीवरील, दूरचित्रवाणी कॅमेरा ह्यूस्टनच्या नियंत्रण कक्षातून हलवता येई. १४ डिसेंबर १९७२ रोजी अपोलो १७ चे यान चंद्रावरून उडाले तेव्हा चालक एड फेंडेल यांनी ते कॅमेऱ्याने वरवर जाताना टिपले. संदेश जायला सव्वा सेकंदाहून अधिक आणि चित्र यायला तेवढाच वेळ लागत असल्याने समोरच्या चित्राकडे पाहून कॅमेरा वळवणे शक्य नव्हते. आज्ञा आधीच्या हिशोबाने, उड्डाण दिसण्यापूर्वीच द्याव्या लागल्या. आधीच्या दोन मोहिमांत हे साधले नव्हते. प्रतीने सामान्य असलेला हा तुकडा चौकटीचा कोन बदलत असल्यामुळे मोठ्या पडद्यावर आश्चर्यकारक परिणाम साधतो.

टॉड डग्लस मिलर यांच्या ‘अपोलो ११’ (२०१९) या माहितीपटाने अभिलेखागारातील ६५ मिमी सामग्री प्रथम मोठ्या प्रमाणावर वापरली. त्याची ४७ मिनिटांची आवृत्ती संग्रहालयांच्या विशाल पडद्यांसाठी केली गेली. त्यात आताचा निवेदक नाही, आठवणी सांगणाऱ्या मुलाखती नाहीत. हे ६५ मिमी चित्रण प्रक्षेपणस्थळ, अग्निबाण वाहून नेणारे अवाढव्य सुरवंटी वाहन, किनाऱ्यावर जमलेले लोक आणि परतीनंतरचे जहाज यांचे आहे. चंद्राचे त्यात काही नाही. चित्रपट चंद्राजवळ पोचताच चौकट आकसते. इतर अनेक निर्मात्यांनी ही घसरण झाकली आहे. मिलर यांनी झाकली नाही, आणि या नोंदीच्या दृष्टीने तेच त्या चित्रपटाचे बळ होय.

अंतर, उंची आणि त्रिमिती : विशाल पडद्यासमोर बसलेल्याला आपणच सरकतो आहोत असे वाटते, कारण दृष्टीच्या कडेला हलणारे दृश्य मेंदू स्वतःच्या गतीची खूण मानतो. चंद्रावर याला एक वेगळे वळण मिळते. तिथे हवा नसल्याने दूरची टेकडी जवळच्या दगडाइतकीच रेखीव दिसते. झाड, घर, खांब असे ओळखीचे मापही नसते. उभ्या माणसासाठी क्षितिज सुमारे २.४ किमीवर असते, पृथ्वीवरच्या जवळपास निम्म्या अंतरावर. अपोलो १४ चे शेपर्ड व मिचेल हे कोन विवराच्या काठाकडे निघाले आणि काठ अगदी जवळ असताना तो न सापडताच मागे फिरले. माहितीपटाने हा भ्रम जसाच्या तसा दाखवावा की अंतर कळेल अशी सोय करावी, याचे उत्तर दिग्दर्शकागणिक बदलते.

त्रिमित चित्रपटांत याहून सूक्ष्म दोष शिरतो. माणसाच्या डोळ्यांत सुमारे साडेसहा सेंटिमीटर अंतर असते. कक्षेतून घेतलेल्या जोडचित्रांतल्या दोन बिंदूंमध्ये कित्येक किलोमीटरांचे अंतर असू शकते. ही जोडी तशीच पडद्यावर आणली तर दऱ्याखोऱ्यांची खोली अतोनात वाढते, आणि प्रेक्षकाला पर्वतरांग टेबलावर मांडलेल्या प्रतिकृतीएवढी भासते. म्हणजे त्रिमितीमुळे चंद्र मोठा न होता लहान होतो. यावर उपाय म्हणून उंचीच्या नोंदींवरून भूप्रदेश संगणकात पुन्हा रचतात व त्यात माणसाच्या डोळ्यांइतक्या अंतरावर दोन कल्पित कॅमेरे ठेवतात.

घुमटाची अडचण वेगळी. काळे आकाश आणि खाली झगझगीत जमीन हे त्याच्यासाठी सर्वांत अवघड दृश्य, कारण जमिनीवरून परावर्तित झालेला प्रकाश घुमटाच्या समोरच्या अंगावर पडतो व आकाश राखाडी होते. म्हणून घुमटाचा पडदा मुद्दाम कमी परावर्तक ठेवतात. स्वयंप्रकाशी एलईडी फलकांच्या घुमटात काळा रंग अधिक काळा राहतो.

ध्वनी : चंद्रावर हवा नसल्याने ध्वनी पसरत नाही, म्हणून या चित्रपटांचा बहुतेक आवाज पृथ्वीवर नोंदलेला आहे. नियंत्रण कक्षातील संभाषणे ३० मार्गांच्या (ट्रॅक) फितींवर नोंदलेली होती. डॅलस येथील टेक्सास विद्यापीठाच्या चमूने ती जुन्याच यंत्राच्या साह्याने डिजिटल केली; मिलर यांच्या चित्रपटाला अशी सुमारे ११,००० तासांची सामग्री उपलब्ध झाली. कक्षातले १६ मिमी चित्रण मूक होते. ब्रिटिश अभिलेख-निर्माते स्टीफन स्लेटर यांनी ओठांच्या हालचाली पाहून त्यावर नेमके संभाषण बसवले.

पुनर्रचना : २००५ चा आयमॅक्स त्रिमित चित्रपट ‘मॅग्निफिसंट डेसोलेशन’ याने चांद्रपृष्ठ स्टुडिओत उभारले. २००९ मध्ये पाठवलेल्या, चंद्राभोवती फिरणाऱ्या नासाच्या लूनर रिकॉनिसन्स ऑर्बिटर यानाने अर्ध्या मीटरपर्यंतचा तपशील टिपायला सुरुवात केल्यावर सेटची गरज घटली. अपोलो ११ चे अवतरणयान ईगल उतरताना कॅमेरा उजव्या, म्हणजे ऑल्ड्रिन यांच्या खिडकीत होता. डावीकडे आर्मस्ट्राँग यांना दिसलेले खडकाळ वेस्ट विवर, जे टाळून ते पुढे गेले, कोणी टिपले नाही. ऑर्बिटरच्या कॅमेरा-चमूने २०१९ मध्ये ते दृश्य नोंदींवरून घडवले. खऱ्या फितीत शेवटच्या क्षणी धूळ जमिनीलगत सरळ रेषांत बाहेर फेकली जाताना दिसते. हवा नसल्याने तिचे लोट उठत नाहीत. पुनर्रचना तपासण्याची ही सोपी खूण आहे : धूळ भोवऱ्यासारखी घुटमळली, तर ते दृश्य चंद्राचे नव्हे.

इतर देशांचे चित्रण : सोव्हिएट संघाच्या लूना ९ ने फेब्रुवारी १९६६ मध्ये चांद्रपृष्ठावरून सर्वदूर दृश्ये पाठवली, यान किंचित कलल्याने त्यांतून त्रिमित जोडीही मिळाली. जपानच्या कागुया यानावरील एनएचके या तिथल्या प्रसारण संस्थेच्या कॅमेऱ्याने २००७ मध्ये पृथ्वीच्या उदयाचे उच्च विभेदन (एचडी) चलच्चित्र घेतले. भारताच्या चंद्रयान-१ (२००८) वरील भूप्रदेश-आलेखन कॅमेरा पुढे, सरळ खाली व मागे अशा तीन दिशांनी एकच पट्टा टिपत असे, व ती सामग्री त्रिमित रचनेला थेट उपयोगी आहे. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चंद्रयान-३ उतरल्यावर प्रज्ञान रोव्हरच्या दोन मार्गदर्शक कॅमेऱ्यांच्या चित्रांवरून इस्रोने लाल-निळसर चष्म्यातून पाहायचे त्रिमित चित्र ५ सप्टेंबरला प्रसृत केले. चीनच्या चांग-अ ४ ने २०१९ मध्ये चंद्राच्या पलीकडच्या बाजूवरून ३६० अंशी दृश्य दिले.

२ मार्च २०२५ रोजी चंद्रावरील मारे क्रिझियम या मैदानात उतरलेल्या फायरफ्लाय कंपनीच्या ब्लू घोस्ट यानाखाली नासाचे सहा छोटे कॅमेरे इंजिनाच्या झोताने उडणारी माती टिपण्यासाठी बसवले होते. त्रिमित मापनासाठी योजलेली ही अवतरणाची चित्रे शास्त्रज्ञांसाठी घेतलेली असली, तरी १६ मिमी फितीला पर्याय म्हणून चित्रपटकारांना ती वापरण्याजोगी आहेत.