पॅथॉलॉजीवाला फिरखो विधानसभेत कसा पोचला, थोडी पार्श्वभूमी

डॉक्टर निवडणुकीला उभा राहिला की आपल्याकडे दोनच तर्क होतात, एक तर हॉस्पिटल दणकून चाललंय आणि पैसा कुठेतरी घालायचाय, नाहीतर सासऱ्याची जागा रिकामी झालीय. पण साथीच्या रोगांवर काम करता करता, त्या कामामुळेच माणूस राजकारणात ओढला गेला, असं म्हटलं की मला पहिल्यांदा आठवतो एकोणिसाव्या शतकातला जर्मन डॉक्टर रूडॉल्फ फिरखो. मेडिकलची पोरं त्याला विरचो म्हणतात, विरचोज ट्रायड, विरचोज नोड वगैरे त्याच्या नावाच्या गोष्टी, सेकंड इयरला पॅथॉलॉजीच्या व्हायव्हात हमखास विचारतात आणि पास झालं की विसरून जातात. हा माणूस चाळीस वर्षं आमदार होता हे त्या पुस्तकात कुठे येत नाही, आणि आलं तरी पेपरला येणार नाही म्हणून कोणी वाचणार नाही.

जन्म १८२१ चा, पोमेरानियातल्या शिवेलबाइन नावाच्या छोट्या गावातला (आता ते पोलंडमध्ये आहे). घर काही श्रीमंत नव्हतं, बाप शेती करायचा आणि नगरपालिकेचा खजिनदार होता. बर्लिनला शिकायला मिळालं ते सैन्यासाठी डॉक्टर तयार करणाऱ्या संस्थेत, सरकारी खर्चाने. १८४३ ला डॉक्टर झाला आणि मग शारिटे हॉस्पिटलात प्रेतं फाडायच्या कामाला लागला, म्हणजे दिवसभर शवविच्छेदन, मायक्रोस्कोप आणि नोंदी. इथपर्यंत राजकारण फारसं कुठे दिसत नाही, म्हणजे मतं होती, पण मतं काय सगळ्यांनाच असतात.

मग आलं १८४८. अप्पर सायलेशिया म्हणून प्रशियाचा (बर्लिन राजधानी असलेलं तेव्हाचं जर्मन राज्य) आग्नेय कोपरा, तिथे आधी एकदोन वर्षं बटाट्याचं पीक बुडालेलं, पाऊस जास्त, लोक उपाशी, आणि त्यावर टायफसची साथ (आपला टायफॉइड नव्हे, हा वेगळा, उवांमधून पसरणारा). साथ कित्येक महिने चालू होती आणि सरकार ढिम्म होतं, शेवटी पेपरांत बोंबाबोंब झाली तेव्हा आपण काहीतरी करतोय हे दाखवायला एक समिती पाठवली. त्यात बारेझ नावाचे एक वरिष्ठ सरकारी डॉक्टर आणि सोबत हा २६ वर्षांचा फिरखो. २० फेब्रुवारीला निघाले आणि मार्चच्या दहा तारखेच्या सुमारास परत, म्हणजे सगळे मिळून जेमतेम तीन आठवडे.

तिथे त्याने काय पाहिलं ते त्याच्या रिपोर्टात बारीकसारीक लिहिलंय. लाकडी ओंडक्यांची घरं, एकच खोली, त्यातच भट्टी, त्यातच सगळं कुटुंब, आणि गुरंढोरंही बऱ्याचदा आतच. खाणं म्हणजे बटाटा, थोडं दूध आणि आंबवलेला कोबी, बटाटा गेला की ताटातलं मुख्यच गेलं. लोक पोलिश बोलणारे, अधिकारी, शिक्षक, डॉक्टर जर्मन बोलणारे, त्यामुळे सरकार काय सांगतंय हेच त्यांना कळायचं नाही. त्याने त्या लोकांबद्दल फार गोड लिहिलंय असंही नाही हां, घाणेरडे, आळशी, साहेब दिसला की लाचार होणारे असं सरळ लिहून टाकलंय, बर्लिनच्या शिकलेल्या माणसाचा तोरा त्यात दिसतोच. पण तिथे थांबत नाही तो, पुढे विचारतो की हे असे का झाले, आणि बोट दाखवतो जमीनदारांकडे, चर्चकडे आणि सरकारी नोकरशाहीकडे.

आणि मग उपाय. सरकारला अपेक्षित असणार की पोरगा सांगेल अमुक औषध, तमुक धुरी, एवढी खाटांची सोय. याने लिहिलं काय तर पूर्ण लोकशाही द्या, पोलिश भाषेतून शाळा काढा, स्थानिक लोकांना त्यांचा कारभार त्यांना करू द्या, चर्च आणि सरकार वेगळं करा, रस्ते बांधा, शेती सुधारा आणि टॅक्सचं ओझं गरिबांवरून काढून श्रीमंतांवर टाका. तापाच्या साथीवरच्या रिपोर्टात टॅक्स! आपल्याकडे आज एखाद्या सरकारी डॉक्टरने डेंग्यूच्या अहवालात असं काही लिहिलं तर दुसऱ्या दिवशी त्याची बदली गडचिरोलीला.

गंमत बघा, रोग पसरतो कसा याबद्दल त्याची समजूत चुकलेली होती. हवा, दमटपणा, कोंदटपणा यातून विष तयार होतं अशा लायनीवर तो विचार करत होता, उवांचं कोडं फ्रेंच शास्त्रज्ञ शार्ल निकोलने १९०९ मध्ये सोडवलं, तेव्हा फिरखो जाऊन सात वर्षं झालेली. तरी उपाय बरोबरच्या दिशेने होते, कारण उवा कुणाच्या अंगावर होतात तर ज्याच्याकडे बदलायला दुसरा कपडा नाही, पाणी तापवायला सरपण नाही आणि एका खोलीत दहा जण झोपतात त्याच्या. त्याचं शास्त्र कच्चं आणि राजकारण पक्कं असा हा प्रकार मला तरी फार इंटरेस्टिंग वाटतो.

परत आला आणि आठवड्याभरात, १८ मार्चला, बर्लिनमध्ये राजाविरुद्ध क्रांती पेटली, रस्त्यारस्त्यावर बॅरिकेड्स उभी राहिली. हा पण गेला. बापाला पत्रात लिहिलंय की अडथळे रचायला मदत केली पण हातात फक्त एक पिस्तूल मिळालं, सैनिक लांबून गोळ्या घालत होते त्यामुळे आपला फारसा उपयोग झाला नाही. जुलैपासून मित्राबरोबर एक साप्ताहिक सुरू केलं, वैद्यकीय सुधारणांचं. डॉक्टर हे गरिबांचे वकील आहेत आणि राजकारण म्हणजे मोठ्या प्रमाणावर केलेलं वैद्यकच, ही त्याची जी वाक्यं आज पब्लिक हेल्थच्या प्रत्येक स्लाइडवर असतात ती याच काळातली आहेत, म्हणजे निवांत विचारवंताची नाहीत, क्रांती चालू असताना सत्ताविशीतल्या पोराने लिहिलेली आहेत.

क्रांती बुडाली. १८४९ ला साप्ताहिक बंद, शारिटेतून आधी निलंबन, मग कशीबशी अटी घालून परत घेतलं, आणि त्याच वर्षाच्या शेवटी हा बव्हेरियातल्या वुर्झबुर्गला प्रोफेसर म्हणून निघून गेला. पुढची सात वर्षं तोंड बंद आणि मायक्रोस्कोप चालू. त्याचं खरं मोठं शास्त्रीय काम यातच झालं, प्रत्येक पेशी ही आधीच्या पेशीपासूनच तयार होते वगैरे. पण त्यातही बघा, शरीराचं वर्णन तो कसं करायचा, तर पेशींचं राज्य, आणि प्रत्येक पेशी त्यातली नागरिक. तोंड बंद असलं तरी डोक्यातून राजकारण गेलेलं नव्हतं.

१८५६ ला बर्लिनने सन्मानाने परत बोलावलं, आता तो मोठा माणूस झालेला, हात लावायची कोणाची टाप नाही. १८५९ मध्ये बर्लिनचा नगरसेवक, १८६१ मध्ये प्रोग्रेसिव्ह या लिबरल पक्षाच्या संस्थापकांपैकी एक, १८६२ मध्ये प्रशियाच्या विधानसभेत. (जर्मनी एक झाल्यावर प्रशिया हे त्यातलं राज्य, म्हणून विधानसभाच म्हणायचं, राइशटाग ही आपल्या लोकसभेसारखी, तिथेही तो १८८० ते १८९३ होता.) आणि निवडून कसा आला तर त्या कुप्रसिद्ध तीन वर्गांच्या मतदानातून, मतदारांचे टॅक्सप्रमाणे तीन गट, पहिल्या गटातले मूठभर श्रीमंत आणि तिसऱ्यातली सगळी गर्दी यांना सारखंच वजन. सायलेशियाच्या गरिबांसाठी पूर्ण लोकशाही मागणारा माणूस या दारातून आत गेला, दुसरं दार नव्हतंच म्हणा.

आत गेल्यावर समोर कोण तर प्रशियाचा पंतप्रधान बिस्मार्क. सैन्याच्या बजेटवरून भांडण, विधानसभा पैसे मंजूर करत नाही आणि बिस्मार्क मंजुरीशिवाय खर्च करतोय. फिरखो बजेटचे आकडे घेऊन उभा राहायचा. जून १८६५ मध्ये नौदलाच्या खर्चावरून त्याने भर सभागृहात बिस्मार्कच्या खरेपणावर शंका घेतली, बिस्मार्कने द्वंद्वयुद्धाचं आव्हान दिलं, फिरखोने नाकारलं. दोन सॉसेज, एक चांगलं आणि एक ट्रायकिनाच्या (डुकराच्या कच्च्या मांसातून माणसात येणारा जंत) अळ्यांनी भरलेलं, त्यातलं बिस्मार्कने आधी निवडावं, अशी अट घातल्याची गोष्ट नेटवर फार फिरते. मस्त गोष्ट आहे पण ती खरी असल्याचा पुरावा नाही. सॉसेज त्यात आलं कुठून हे मात्र कळतं, कारण ट्रायकिनावर फिरखोने स्वतः प्रयोग केलेले होते, आणि त्याच वर्षी हेडर्सलेबेन गावात कच्चं डुकराचं मटण खाऊन ३०० च्या वर लोक आजारी पडले, १०० च्या आसपास गेले. मायक्रोस्कोपखाली मांस तपासल्याशिवाय विकायचं नाही हा नियम तो लावून धरत होता, खाटीक चिडलेले, पण पुढे तो नियम प्रशियात झाला.

माझं मत विचाराल तर विधानसभेत त्याच्या हाताला फार काही लागलं नाही. १८६६ च्या ऑस्ट्रियाविरुद्धच्या युद्धातल्या विजयानंतर बिस्मार्कने आधीचा सगळा खर्च मागाहून मंजूर करून घेतला, पक्ष फुटला, फिरखो कायम विरोधी बाकावर. उलट १८८३ ला बिस्मार्कनेच कामगारांसाठी आजारपणाच्या विम्याचा कायदा आणला आणि फिरखोच्या लिबरल लोकांनी सरकारी सक्ती नको म्हणून त्याला विरोध केला. हे वाचताना जरा चुटपुट लागते.

काम झालं ते महापालिकेत. तेव्हाच्या बर्लिनमध्ये रस्त्याच्या कडेने उघडी गटारं, घरात शिरायचं तर त्यावर टाकलेल्या फळीवरून. मैला थेट श्प्रे नदीत सोडायचा की पिंपात भरून बाहेर न्यायचा यावर वर्षानुवर्षं वाद. फिरखोच्या समितीने कुठल्या भागात किती माणसं मरतात याचे आकडे गोळा केले, आणि इंजिनियर होब्रेष्टच्या प्लॅनमागे तो उभा राहिला, शहराचे १२ भाग, प्रत्येकाचं पंपिंग स्टेशन आणि सगळं पाणी शहराबाहेरच्या शेतांवर. १८७३ ला काम सुरू झालं. ऑस्डॉर्फसारख्या गावांत महापालिकेने त्यासाठी जमिनीच विकत घेतल्या आणि त्या मैलापाण्यावर शेती केली. नाल्याच्या पाण्यावरची भाजी आपल्याला माहितीय, इथे ती महापालिकेने हिशोब ठेवून पिकवली. फ्रीडरिषहाइनचं म्युनिसिपल हॉस्पिटलही याच काळातलं, १८७४ चं.

जानेवारी १९०२ मध्ये लाइपझिगर स्ट्रासवर चालत्या ट्राममधून उतरताना तो पडला, मांडीचं हाड मोडलं, वय ८०. त्यातून उठलाच नाही, ५ सप्टेंबरला गेला, तेव्हा नगरसेवकही होता आणि आमदारही. ते तीन वर्गांचं मतदान त्यानंतरही १९१८ पर्यंत चालू राहिलं.