जाणीवजागृती गट

जाणीवजागृती गट : स्त्रियांनी गोल करून बसायचे, आधी ठरलेल्या एका प्रश्नावर प्रत्येकीने पाळीपाळीने स्वतःचा अनुभव सांगायचा आणि सगळ्यांचे सांगून झाले की त्या अनुभवांतून समाजाच्या रचनेविषयी काय दिसते ते शोधायचे, ही अमेरिकेतील स्त्रीमुक्ती चळवळीने १९६० च्या दशकाच्या अखेरीस रूढ केलेली पद्धत. अशा बैठका भरवणाऱ्या लहान मंडळांनाही हेच नाव आहे. त्या दशकातले मोर्चे आणि फलक छायाचित्रांतून सर्वांच्या ओळखीचे झाले, या बैठकांची छायाचित्रे मात्र फारशी नाहीत. पण कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा, मारहाण होणाऱ्या बायकांची निवारागृहे, स्त्रियांनी स्त्रियांसाठी लिहिलेले आरोग्यसाहित्य, समाजमाध्यमांवरची ‘मी टू’ची लाट यांचा माग काढत मागे गेले, तर बहुतेक वाटा अशाच एखाद्या बैठकीपाशी पोचतात. पद्धतीचे अंग दोन होते : सांगणे आणि सांगितलेल्यावरून निष्कर्ष काढून कृती करणे. पहिले जगभर पसरले. दुसऱ्याच्या वाट्याला तेवढे भाग्य आले नाही.

उगम

पद्धतीचे मूळ कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्क चळवळीत आहे. १९६४ च्या उन्हाळ्यात मिसिसिपी राज्यात मतदार नोंदणीसाठी उत्तरेकडून शेकडो तरुण कार्यकर्ते गेले. तिथल्या सभांत माणसे उठून आपल्यावर काय गुदरले ते जसेच्या तसे सांगत, आणि त्यातूनच पुढचा लढा ठरे. कॅथी साराचाइल्ड आणि कॅरल हॅनिश या पुढे स्त्रीमुक्ती चळवळीत गाजलेल्या दोघींनी मिसिसिपीत काम केले होते. त्याच चळवळीतील केसी हेडन आणि मेरी किंग यांनी नोव्हेंबर १९६५ मध्ये इतर कार्यकर्त्या स्त्रियांना एक टिपण पाठवले. स्त्रियाही एका प्रकारच्या जातिव्यवस्थेत अडकल्या आहेत, आणि समतेसाठी लढणाऱ्या संघटनेतही टंकलेखन व स्वयंपाक त्यांच्याच वाट्याला येतो, असा त्याचा आशय. ‘जात’ हा शब्द अमेरिकेतील समाजशास्त्रज्ञ वर्णभेदासाठी आधीपासून वापरत होते. या दोघींनी तो स्त्रियांना लावला. चीनमधील जमीनसुधारणेच्या वेळी शेतकरी आपली दुःखे सभेत उघड सांगत, त्या प्रथेचा दाखलाही या स्त्रिया देत असत.

भारताचाही एक धागा इथे निघतो. पुढे अमेरिकेतील स्त्रीवादी नेत्या म्हणून गाजलेल्या ग्लोरिया स्टायनम १९५७-५८ मध्ये भारतात होत्या. तमिळनाडूतील रामनाड भागात जातीय दंगली पेटल्या असताना विनोबांच्या कार्यकर्त्यांबरोबर त्या गावोगाव पायी हिंडल्या. गावकऱ्यांनी एकत्र बसून बोलण्याची ताकद आपण तिथे पहिल्यांदा पाहिली, असे त्यांनी पुढे आत्मकथनात नोंदवले आहे. यावरून पद्धत भारतातून अमेरिकेत गेली असे म्हणणे मात्र फारच ओढूनताणून होईल.

नाव पडले न्यूयॉर्कमध्ये. १९६७ मध्ये स्थापन झालेल्या ‘न्यूयॉर्क रॅडिकल विमेन’ या गटाच्या एका बैठकीत ॲन फोरर म्हणाल्या की, जुन्या डाव्या चळवळीत कामगारांची जाणीव वाढवण्याची गोष्ट बोलली जायची. आपण स्त्रियांनी आधी आपलीच वाढवायला हवी. मग पुरुषांसमोर मुद्दाम बावळट वागणे, कायम गोड बोलणे, पाय दुखले तरी टाचांचे बूट घालणे अशी स्वतःच्याच वागण्यातली उदाहरणे निघाली. साराचाइल्ड यांनी ही कल्पना उचलून धरली आणि नोव्हेंबर १९६८ मध्ये शिकागोजवळ भरलेल्या राष्ट्रीय परिषदेत तिचा रीतसर कार्यक्रम मांडला.

बैठकीची रीत

आठ-दहा जणी, कुणाचे तरी घर, आठवड्यातली एक ठरलेली संध्याकाळ. अध्यक्ष नाही, वक्ता नाही. प्रश्न साधेच असत. मूल झाले तर मुलगा हवा की मुलगी, की मूलच नको, आणि का? नवऱ्याची किंवा मित्राची कमाई तुमच्यापेक्षा जास्त असली तर नात्यावर काय परिणाम होतो? कमी असली तर? एक बोलत असताना दुसरीने मध्ये तोंड घालायचे नाही, सल्ला द्यायचा नाही, कीव करायची नाही. वाचलेले सिद्धांत बाजूला ठेवून घडलेले तेवढे सांगायचे. सगळी फेरी पुरी झाली की मग कामाला सुरुवात : इतक्या वेगवेगळ्या घरांत तीच गोष्ट घडत असेल, तर तिला एकेकीचा स्वभाव किंवा नशीब म्हणता येईल का? आणि यात फायदा कुणाचा होतो?

या शेवटच्या प्रश्नाशिवाय पद्धत अपुरी होती. साराचाइल्ड तिला संशोधनच म्हणत. स्त्रियांविषयी पुस्तकांत, मानसशास्त्रात आणि डाव्या सिद्धांतांत जे लिहिले होते ते स्वतःच्या आयुष्यावर घासून पाहायचे, अशी त्यांची भूमिका होती. डाव्या चळवळीतील सहकाऱ्यांना मात्र यात मन मोकळे करणाऱ्या बायकांची गप्पाष्टके दिसली. ‘हे तर मनोपचार’, असा शेरा आला. त्याला हॅनिश यांनी फेब्रुवारी १९६९ मध्ये एका टिपणात उत्तर दिले. उपचार म्हटले की कुणीतरी आजारी आहे हे गृहीत धरले जाते, आमची तर परिस्थिती बदलायला हवी आहे. एकटीने सोडवता येतील अशी उत्तरे सध्या नाहीत, सामूहिक कृतीच हवी, असा त्यांचा युक्तिवाद होता. १९७० मध्ये शुलामिथ फायरस्टोन आणि ॲन कोट यांनी हे टिपण छापताना त्याला दिलेले शीर्षक मराठीत ‘जे जे खासगी, ते ते राजकीय’ या रूपात रुळले. हॅनिश यांनी स्वतः ते शीर्षक दिलेले नव्हते.

७ सप्टेंबर १९६८ रोजी अटलांटिक सिटीत ‘मिस अमेरिका’ स्पर्धेबाहेर झालेले निदर्शन अशाच फेरीतून निघाले. स्पर्धेविषयी आपल्याला काय वाटते हे गटातील प्रत्येकीने सांगितले आणि त्यातून निदर्शनाची आखणी झाली. टाचांचे बूट, कंबरपट्टे, खोट्या पापण्या, ब्रा, स्त्रियांची मासिके असे साहित्य एका कचऱ्याच्या पिंपात टाकण्यात आले. ब्रा जाळल्याची कथा वृत्तपत्रांनी चालवली. आयोजक स्त्रियांनी ती कायम नाकारली. स्त्रीवाद्यांना हिणवायला ती आजही पुरते, अगदी मराठी कट्ट्यांवरही.

बैठकीतून बाहेर

१३ फेब्रुवारी १९६९ रोजी न्यूयॉर्क राज्याच्या विधिमंडळ समितीने गर्भपात कायद्यावर तज्ज्ञांची साक्ष ठेवली. तज्ज्ञ पंधरा : चौदा पुरुष आणि एक ख्रिस्ती जोगीण (नन). स्त्रियांनी ती सुनावणी बंद पाडली, आणि २१ मार्चला ‘रेडस्टॉकिंग्ज’ या गटाने एका चर्चमध्ये स्वतःची सुनावणी भरवली. बारा जणींनी आपल्या गर्भपाताविषयी शेकडो लोकांसमोर उघड सांगितले. तोवर ही गोष्ट सख्ख्या बहिणीलाही कळू दिली जात नसे. १९७० मध्ये न्यूयॉर्क राज्याने कायदा सैल केला, १९७३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशभर हा हक्क मान्य केला आणि २४ जून २०२२ रोजी त्याच न्यायालयाने तो काढून घेतला. भारतात उलटे घडले. महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री शांतिलाल शहा यांच्या समितीच्या अहवालानंतर १९७१ मध्येच गर्भपात कायदा आला. त्यामागे स्त्रियांची चळवळ नव्हती, असुरक्षित गर्भपातांतले मृत्यू आणि लोकसंख्येची चिंता होती. निर्णयही स्त्रीच्या हक्कापेक्षा डॉक्टरच्या मतावर टेकलेला राहिला.

बॉस्टनमध्ये मे १९६९ मध्ये डॉक्टरांच्या तुसडेपणाचे अनुभव सांगायला जमलेल्या स्त्रियांनी स्वतःच शरीरशास्त्राचा अभ्यास केला. त्यातून १९७० मध्ये स्वस्त कागदावरची एक पुस्तिका निघाली आणि पुढे अनेक भाषांत गेली. मिनेसोटातील सेंट पॉल येथे एका जाणीवजागृती गटाने आधी स्त्रियांसाठी दूरध्वनी मदत सुरू केली. फोन करणाऱ्यांना रात्री जायला जागाच नसते हे लक्षात आल्यावर १९७४ मध्ये त्यांनी निवारागृह उघडले.

सर्वांत दूरवर पोचलेली साखळी न्यूयॉर्क राज्यातील इथाका या छोट्या गावात सुरू झाली. कॉर्नेल विद्यापीठात आठ वर्षे नोकरी केलेल्या कार्मिटा वूड यांनी वरिष्ठाच्या अंगचटीला कंटाळून काम सोडले. बेकारी भत्त्याच्या अर्जावर नोकरी सोडण्याचे कारण विचारले तेव्हा त्यांच्याकडे त्यासाठी शब्द नव्हता. ‘वैयक्तिक कारण’ एवढेच त्यांना सांगता आले, आणि अर्ज फेटाळला गेला. त्याच विद्यापीठात लिन फार्ली ‘स्त्रिया आणि काम’ हा वर्ग घेत होत्या. तिथे अशीच फेरी झाली, तेव्हा जवळपास प्रत्येकीने कधी ना कधी याच कारणाने नोकरी सोडली होती किंवा गमावली होती असे दिसले. धमकावणे, जबरदस्ती, शोषण असे शब्द घोळवून शेवटी ‘लैंगिक छळ’ या अर्थाची संज्ञा ठरली, आणि ४ मे १९७५ रोजी इथाकात त्यावर जाहीर सभा झाली. कायदेपंडित कॅथरीन मॅकिनन यांनी १९७९ मध्ये हा छळ म्हणजे लिंगावर आधारित भेदभाव आहे अशी कायदेशीर मांडणी केली. १९८६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती स्वीकारली. १९९२ मध्ये स्त्रियांवरील भेदभावाविरुद्धच्या संयुक्त राष्ट्रांच्या कराराखालील समितीने तिचा शिफारशीत समावेश केला. ‘वैयक्तिक कारण’ या दोन शब्दांपासून इथवर यायला अठरा वर्षेही लागली नाहीत.

भारत आणि महाराष्ट्र

भारतातील स्त्रीवाद अमेरिकेतून आयात झाला असे म्हणणाऱ्यांनी ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्री-पुरुष तुलना’त काय लिहिले ते पाहावे. नागपुरात जुलै १९४२ मध्ये दलित स्त्रियांची अखिल भारतीय परिषद भरली, तेव्हा न्यूयॉर्कच्या या स्त्रियांपैकी अनेक जन्मल्याही नव्हत्या. १९७२ नंतरचे महागाईविरोधी लाटणे मोर्चे हे रस्त्यावरचे राजकारण होते, त्यात गोल करून बसायला सवड नव्हती. लहान गटात बसून स्वतःचे आयुष्य उलगडण्याची रीत प्रामुख्याने १९७५ नंतरच्या शहरी गटांत दिसते. मुंबईची स्त्री मुक्ती संघटना त्याच वर्षीची. मथुरा या आदिवासी मुलीवर पोलीस ठाण्यात झालेल्या बलात्काराच्या प्रकरणातील निकालाविरुद्ध १९८० मध्ये मुंबईत उभा राहिलेला गट आधी बलात्कारविरोधी मंच म्हणून ओळखला जाई, पुढे त्याने सर्वच स्त्री-अत्याचारांचा विषय घेतला. पुण्यात विद्या बाळ आणि त्यांच्या सहकारी स्त्रियांच्या नारी समता मंचाने ‘बोलते व्हा’ हे केंद्र चालवले. बचत गटाची बैठक दिसायला अशीच असते, पण तिचे कूळ वेगळे. तिथे आधी वही आणि हप्ता येतो, गाऱ्हाणे नंतर.

राजस्थानच्या महिला विकास कार्यक्रमात ‘साथिन’ म्हणजे गावपातळीवरील कार्यकर्ती म्हणून भटेरी गावात काम करणाऱ्या भंवरीदेवी यांनी १९९२ मध्ये एक बालविवाह रोखण्याचा प्रयत्न केला आणि त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. कामाच्या निमित्ताने झालेल्या या अत्याचाराची जबाबदारी कुणाची, हा प्रश्न घेऊन ‘विशाखा’ आणि इतर संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १३ ऑगस्ट १९९७ च्या निकालात न्यायालयाने भारताने १९९३ मध्ये मान्य केलेल्या त्याच आंतरराष्ट्रीय कराराचा आधार घेऊन मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. इथाका आणि भटेरी या दोन गावांच्या वाटा त्या निकालात एकत्र येतात. तत्त्वे कागदावरच राहिली, तेव्हा पुण्याच्या ‘आलोचना’ संस्थेच्या मेधा कोतवाल-लेले यांच्या पत्राची न्यायालयाने याचिका करून घेतली. तिचा अंतिम निकाल ऑक्टोबर २०१२ मध्ये लागला. पुढच्या वर्षी कायदा आला. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती, तिची अध्यक्ष स्त्री, निम्म्याहून कमी नाहीत इतक्या स्त्रिया आणि बाहेरचा एक सदस्य ही त्याची चौकट आहे.

आक्षेप

गोलात सगळ्या सारख्याच आहेत हे गृहीतकच डळमळीत होते. बॉस्टनच्या ‘कॉम्बाही रिव्हर कलेक्टिव्ह’ या कृष्णवर्णीय स्त्रियांच्या गटाने १९७७ च्या निवेदनात म्हटले की, आमच्या बैठका गोऱ्या स्त्रियांच्या पुढे जातात, कारण आम्हाला लिंगाबरोबर वंश आणि वर्गाचाही हिशेब मांडावा लागतो. महाराष्ट्रात समाजशास्त्रज्ञ शर्मिला रेगे यांनी १९९८ मध्ये सवर्ण मध्यमवर्गीय स्त्रीचा अनुभव हाच ‘स्त्रीचा अनुभव’ ठरतो, या सवयीवर बोट ठेवून दलित स्त्रीवादी भूमिकेची मांडणी केली. आठ जणी एकाच आळीतल्या असल्या, तर फेरीअंती निघणारा निष्कर्षही त्या आळीपुरताच असतो.

दुसरा आक्षेप रचनेचा. अध्यक्ष नाही म्हणजे सत्ता नाही असे होत नाही. ती मैत्रिणींच्या कंपूकडे जाते आणि तिला जाबही विचारता येत नाही, हे चळवळीतल्याच जो फ्रीमन या कार्यकर्तीने १९७० मध्येच सांगितले. ‘द फेमिनिस्ट्स’ या गटाने यावर उपाय म्हणून प्रत्येकीला ठरावीक चकत्या द्यायला सुरुवात केली; एकदा बोलले की एक चकती टाकायची. पहिल्या बैठकीत काहींच्या चकत्या पंधरा मिनिटांत संपल्या, आणि पुढच्या वेळी सगळ्याच आपापल्या चकत्या राखून गप्प बसल्या, असे सांगतात.

आजचे रूप

अमेरिकेतील कार्यकर्त्या टॅराना बर्क यांनी २००६ पासून लहान गटांत वापरलेले ‘मी टू’ हे शब्द ऑक्टोबर २०१७ मध्ये समाजमाध्यमांवर फुटले आणि वर्षभराने भारतातही पोचले. सांगण्याची ताकद तीच होती, ऐकणाऱ्यांची संख्या कितीतरी पट. पण फेरी पुरी होऊन सगळ्यांनी मिळून अर्थ लावण्याची वेळ तिथे येत नाही. प्रत्येक निवेदन सुटे राहते आणि चर्चा एकेका आरोपीच्या नावाभोवती फिरते. अनुभवकथनाच्या कार्यशाळांचे, दूरचित्रवाणीवरील अश्रूंचे आणि कंपन्यांतील तासाभराच्या सादरीकरणाचेही तसेच. या सादरीकरणात कलमे समजतात, पण शेजारच्या टेबलावरच्या सहकारी स्त्रीने काय सोसले ते कळत नाही.

कायद्याने ठरवलेल्या अंतर्गत समित्यांची स्थिती गोव्यातील एका प्रकरणाच्या निमित्ताने पुन्हा सर्वोच्च न्यायालयासमोर आली. १२ मे २०२३ च्या निकालात न्यायालयाने एका वृत्तपत्रीय पाहणीचा हवाला दिला : देशातील ३० राष्ट्रीय क्रीडा महासंघांपैकी १६ मध्ये कायद्याला अपेक्षित अशी समितीच नव्हती. केंद्र आणि राज्य सरकारांनी आपल्या सर्व खात्यांत समित्या नेमल्या आहेत की नाही हे मुदतीत तपासावे, असा आदेश न्यायालयाने दिला.